समजा सरांचं मशीन

गेल्या आठवड्यात आमच्या जामसंड्याच्या दुकानात एक तरुण जोडपं आलं. मिक्सर, गीझर, पंखे, स्टॅबिलायझर असल्या वस्तूंचं आमचं दुकान. त्यांना घरी वापरायला एस्प्रेसो मशीन हवं होतं, तेही सेमी-ऑटोमॅटिक. असलं मशीन मी दुकानात ठेवत नाही, मागवून देते. नवऱ्याने मोबाईलवर चार मशीनची चित्रं दाखवली आणि विचारलं, "यातलं कोणतं घेऊ?"

मी म्हटलं, "मशीन राहू दे. बिया दळायला काय घेणार? आणि बिया किती दिवसांपूर्वी भाजलेल्या वापरणार?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. पंख्याचे रेग्युलेटर विकणाऱ्या बाईकडून त्यांनी हे अपेक्षिलं नसावं. हे शहाणपण माझं नाहीच. ते वायंगणकर सरांच्या घरात मिळालेलं आहे. सर आता नाहीत. पण कोणी दुकानात उभं राहून "यातलं कोणतं?" असं विचारलं, की मला काउंटरच्या डाव्या टोकाला त्यांची छत्री टेकवलेली दिसते.

सरांनी आम्हाला शाळेत विज्ञान शिकवलं. उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट, खिशात पेन आणि पेनाशेजारी विजेचा टेस्टर. प्रत्येक उदाहरण "समजा"ने सुरू व्हायचं. "समजा, एक गाडी ताशी चाळीसच्या वेगाने जात आहे." म्हणून पोरांनी नाव ठेवलं, समजा सर. फळ्यावरची गाडी तास संपला की थांबायची. सरांच्या डोक्यातली थांबायची नाही. ती उताराला लागायची, तिचे ब्रेक जायचे, समोरून दुसरी यायची.

एकदा ते आमच्या वर्गाची सहल घेऊन किल्ला बघायला गेले. बरोबर दोरखंड, शिट्टी, टॉर्च, मीठ-साखरेच्या पुड्या आणि हवा भरलेली टायरची ट्यूब. किनाऱ्यावर त्यांनी दोरखंड आडवा धरला आणि आम्ही सगळ्यांनी त्याच्या अलीकडून समुद्र बघितला. वर्गातली निम्मी पोरं मासेमाऱ्यांची, होडीत वाढलेली. त्यातला एक म्हणाला, "सर, तुमी पडलास तर मी भायर काढतलंय. घाबरा नकात." सर हसले नाहीत. त्यांनी त्याला ट्यूब धरून उभं केलं.

घरी कुकर नव्हता. "समजा, शिट्टीत भाताचं शीत अडकलं," म्हणून. त्यांची बायको, आम्ही तिला माई म्हणायचो, आयुष्यभर टोपात डाळ शिजवत राहिली. नवीन लग्न होऊन मी दुकानात बसायला लागले तेव्हा उत्साहाने तिला एक कुकर दाखवला होता. माई म्हणाली, "नको गो. माज्या घरात कुकर नाय, पण शिट्टी आसा. दिसभर वाजता." आणि तिने मान सरांकडे केली. सर तेव्हा आमच्या दुकानाचा मेन स्विच तपासत होते.

दोघं बाहेर निघाली की सर गॅसचं बटण बघत, कुलूप लावत, ओढत, फाटकापर्यंत जात आणि परत येऊन पुन्हा कुलूप ओढत. माईला हे इतकं पाठ होतं, की फाटकाशी पोचल्यावर ती पिशवी खाली ठेवूनच उभी राहायची. सर दुसऱ्यांदा परत आले की मग पिशवी उचलायची.

त्यांची आणखी एक खूण होती, ती फार थोड्यांना ठाऊक होती. सर मोकळे असले की आमच्यासारखे मालवणीत बोलत. घाबरले की पुस्तकातलं मराठी सुरू. ते "शैला, काय गो, बरा मां?" म्हणत आले, तर मी काम करत करत बोलायचे. "शैला, तुझ्याकडे थोडा वेळ आहे का?" म्हणाले, की स्टूल पुढे ओढायचे.

पाच वर्षांपूर्वी एका दुपारी माईच्या छातीत दुखायला लागलं. इथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि मोठ्या ठिकाणी न्या म्हणून सांगितलं. आमच्याकडे मोठं ठिकाण म्हणजे दोनच. कोल्हापूर नाहीतर गोवा. कोल्हापूरला घाट, गोव्याला हायवेची गर्दी. कोल्हापुरात ओळखीचा डॉक्टर, गोव्यात यंत्रं चांगली असं कोणी सांगितलेलं. गाडी दारात उभी होती. सर दारापुढच्या ओट्यावर उभे राहून एकेकाला फोन करत होते. "समजा, घाटात ट्रक बंद पडला असेल..." शेवटी उन्हं उतरल्यावर कोल्हापूरला नेलं. माई तिसऱ्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणाले, दुपारी आणलं असतं तरी फार फरक पडला नसता. पडला असता की नसता, ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

मुक्ता, त्यांची एकुलती एक मुलगी, बेंगळुरूला नोकरी करते. दिवसकार्य झाल्यावर ओट्यावर पाहुणे बसलेले असताना ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही दुपारभर नुसतं समजा, समजा करत बसलात." एवढंच. आवाजही चढवला नाही. मी चहाचे कप गोळा करत होते, ते घेऊन आत गेले.

त्यानंतर मुक्ता वर्षातून एकदा यायची, दीड दिवसाच्या गणपतीसारखी. आली, बसली, गेली. फोनवर बोलायची ते प्रमाण मराठीत. बापाची खोड लेकीतही होती, फक्त ती घाबरण्याऐवजी रागावली की लागू व्हायची.

आणि मग गेल्याच्या गेल्या वर्षी, आंब्याला मोहोर धरलेला असताना, एका सकाळी सर दुकानात आले.

"शैला, मला एक एस्प्रेसो मशीन घ्यायचं आहे. सेमी-ऑटोमॅटिक."

मी स्टूल पुढे ओढलं.

झालं होतं ते असं. सरांनी फोनवर मुक्ताला, येतेस का चार दिवस, असं विचारलं. ती म्हणाली, "बाबा, तिथे धड एस्प्रेसो मिळत असती ना, तर महिनाभर तिथूनच काम केलं असतं." आता हे कारण आहे हे मला लगेच कळलं. सरांनाही कळलं होतं, ते काही दूधखुळे नव्हते. पण विज्ञानाच्या मास्तरांची रीत त्यांनी धरली होती. अडथळा म्हणून एक गोष्ट सांगितलेली आहे; ती काढून टाकायची आणि काय उरतं ते बघायचं. भीती होती ती नेमकी त्याचीच. मशीन आणलं आणि तरी ती आली नाही, तर?

"तिलाच विचारा की, कुठलं घेऊ," मी म्हटलं.

"नको. ती नको घेऊ म्हणेल. मग संपलंच."

"सर, जल्मात कुकर घेवक नाय तुमी. ह्येच्यात वाफ किती?"

"नऊ बार," सर म्हणाले. त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. "कुकरमध्ये साधारण एक. मी वाचलं आहे."

त्यानंतर रोज अकराच्या सुमाराला छत्री काउंटरला टेकायची. मी गिऱ्हाइकं करत राहायचे आणि सर बोलत राहायचे. त्यामुळे कोणी न विचारता मी त्या विषयातली जाणकार झाले. खोक्यावर पंधरा बार लिहिलेलं असतं, त्याला भुलायचं नाही, कॉफी उतरते ती नऊवरच. एक बॉयलर असला तर आधी कॉफी, मग दूध फेसाळायचं, मधे थांबायचं. दोन असले तर एकदम, पण बिघडायला दोन. कॉफीची पूड ज्यात दाबतात ती दांडेवाली गाळणी मोठी असावी, छोटीला सुटे भाग मिळत नाहीत. आणि निम्मं लक्ष मशीनवर दिलं तर निम्मं दळण्याच्या यंत्रावर द्यावं, कारण दळण चुकलं तर पुढे देवही काही करू शकत नाही. त्यात आमचे इथले प्रश्न. खारा वारा लागून काय गंजेल? विहिरीच्या पाण्याने आत क्षार धरेल का? विजेचा दाब खालीवर झाला तर? दुरुस्तीचा माणूस पुण्याहून येणार की गोव्याहून?

हे शेवटचं त्यांनी दोनदा विचारलं. पुणे की गोवा. मी बिल फाडता फाडता थांबले.

दोन महिने असे गेले. दोन मशीन उरली, मग परत पाच झाली. शेवटी मीच म्हटलं, "सर, मूळ गावाक जावया. देवीक कौल लावया." मी स्वतः कौलबिल फारशी मानत नाही. पण माणूस कुठेतरी टेकला पाहिजे.

सरांचं मूळ गाव वालावलच्या बाजूला. रविवारी मी त्यांना गाडीत घालून नेलं. देवळात बाबल गुरव होता. कौल म्हणजे देवीच्या पाषाणाला दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सरांनी खिशातून कागद काढला आणि वाचायला लागले. एक बॉयलर, दोन बॉयलर, गाळणीचा व्यास.

बाबल म्हणाला, "सर, देवीक व्हय-नाय इचारूचा. ह्या काय ता काय, असा इचारल्यार तिका जमाचा नाय. देवीक बॉयलर ठावक नाय."

"मग काय विचारू?"

"मनात जा आसा ता इचारा."

सर त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. बाबलने हात जोडले आणि त्याच्या नेहमीच्या चढ्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. "गे आये माऊली, आज ह्यो तुजो लेक तुज्या पायाकडे इलो हा. घरात एक वस्तू आणूक बघता. ती आणल्यावर ह्येच्या चेडवाचो पाय ह्येच्या घराक लागांदे, लागलेलो पाय टिकांदे, गे माऊली!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हटलं. जरा मोठ्यानेच निघालं. चेडू म्हणजे लेक; बॉयलरचं सरांनी काही विचारलंच नव्हतं.

कळ्या हलेनात. उजवी नाही, डावी नाही. सर श्वास धरून उभे. बाबलने दोनदा आळवून बघितलं, मग मागे वळून म्हणाला, "सर, देवीक पण तुमचोच वारो लागलो दिसता." आणि तेवढ्यात उजवी कळी खाली आली.

परतताना सर गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी म्हटलं, एवढं आहे तर सरळ पूर्ण ऑटोमॅटिक घ्या. बटण दाबलं की कप भरतो. चुकायला जागाच नाही.

"तेच तर," सर म्हणाले. "बटण दाबेल, कप घेईल आणि खोलीत जाऊन दार लावून कामाला बसेल. ह्यात दळायचं, वजन करायचं, दाबायचं, धार बघत थांबायचं. दहा मिनिटं तरी स्वयंपाकघरात उभी राहील." मग म्हणाले, "दहा मिनिटांत मी काहीतरी बोलेन."

मी गियर बदलला आणि मशीन किती वॅटचं आहे ते विचारलं.

मशीन आलं. एक बॉयलर, मोठी गाळणी, दळणाचं यंत्र वेगळं. मी जाड वायर ओढून घेतली, अर्थिंग तपासलं, स्टॅबिलायझर बसवला. सरांनी समोर नारळ ठेवला, हळद-कुंकू लावलं, आणि मला दाराच्या बाहेर उभं केलं. शाळेत प्रयोग दाखवताना ते आम्हाला तिसऱ्या बाकाच्या मागे उभं करायचे, तसंच. मग स्वतःही बाहेर आले आणि आंबे काढायच्या लांब काठीने आत बटण दाबलं. घरघर झाली, दिवा लागला. फुटलं काहीच नाही. आम्ही दोघं उंबऱ्याबाहेर थोडा वेळ उभे होतो. आतून गरम पत्र्याचा वास आला.

चारेक दिवसांत काठी सुटली. मास्तरकीचा त्यांना फायदा झाला. अठरा ग्रॅम पूड सोनाराच्या काट्यावर तोलायची, समपातळी दाबायची, अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर छत्तीस ग्रॅम कॉफी उतरायला हवी. खेळाच्या तासाचं जुनं स्टॉपवॉच बाहेर आलं. एका सकाळी फोन आला, "शैला, ये गो! जमला! वरती साय धरल्यान!" मी गेले. कपात मधाच्या रंगाचा जाड फेस होता. मी एक घोट घेतला. कडू होती. "बरी आसा," म्हटलं. सर मालवणीत बोलत होते, मला तेवढं पुरलं.

मे महिना आला. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर आगोट भरतात. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. तांदूळ, डाळी, आमसुलं, सुके बांगडे, सोडे, सगळं डब्यांत बंद करून ठेवायचं. मग वाट बंद होवो की लाईट जावो, घर चालतं. सर म्हणाले, "समजा, घाटात दरड आली. समजा, कुरियर महिनाभर पोचलं नाही." आणि त्यांनी पुऱ्या पावसाळ्याच्या कॉफीच्या बिया एकदम मागवल्या. पाकिटं फोडून पत्र्याच्या डब्यांत भरल्या, झाकणांच्या कडा मेणाने बंद केल्या आणि डबे माळ्यावर ठेवले, सुक्या बांगड्यांपासून चांगले लांब. वासाचा विचार त्यांनी केला होता. मला दाखवायला वर नेलं. ओळीने लावलेले डबे बघून मला बरं वाटलं. नीट भरलेली आगोट बघून कोणालाही वाटतंच.

जून बरा गेला. जुलैत कॉफी पातळ यायला लागली. सर दळण बारीक करत गेले, एक आकडा, दोन आकडे. श्रावणात यंत्राचा आकडाच संपला. धार उघड्या नळातून पाणी सुटावं तशी धो धो, वर साय नाही, चव ओल्या पुठ्ठ्याची. मी मीटर नेऊन लावला, विजेचा दाब ठीक. सरांनी पाणी बदललं, आतली रबराची चकती बदलली, काटा तपासून आणला. मालवणी पार बंद झालं.

आणि नेमका तेव्हा मुक्ताचा फोन आला, की चवथीला, गणपतीसाठी, येते.

सर दुकानात आले तेव्हा छत्री मिटायची राहिली होती. उघड्या छत्रीसकट आत आले, पंख्याच्या खोक्यांवर पाणी. "शैला, तिला येऊ नको म्हणून सांगू का?"

"मशीनसाठी चेडवाक घराक येव नको सांगतलास, सर?"

"तिला मशीनबद्दल काही ठाऊक नाही. पण ती आल्यावर बघेलच. मी चुकीचं निवडलं, शैला. एवढे दिवस विचार करून चुकीचं निवडलं. ती म्हणेल, बाबांना हेही ठरवता आलं नाही." 'हेही' वर त्यांची बोटं काउंटरच्या कडेवर आवळली गेली. मी त्यांच्या हातातून छत्री घेतली आणि मिटली.

मुक्ता चवथीच्या दोन दिवस आधी, आंबोलीच्या घाटातून स्वतः गाडी चालवत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन. "शैला, जरा येतेस का? मीटर घेऊन ये."

मी गेले तर मुक्ता ओट्यावर बसून कपावर कागदी पुडी अडकवून तिच्यात गरम पाणी ओतत होती. बरोबर आणलेली कॉफी. मला बघून हसली, "काकी, या." आत स्वयंपाकघरात जमिनीवर माटवी बांधायचं सामान पसरलेलं, गणपतीच्या वरती टांगायला नारळ, सुपाऱ्या, रानातली फळं. सर ओट्याकडच्या दाराआडून बघत होते. मला कुजबुजत म्हणाले, "चार पुड्या आणल्या आहेत तिने. दिवसाला दोन पिते. एक आता फोडली."

हिशोब मलाही कळला. चवथ झाली की ती निघणार होती.

"आणि मशीन?"

सरांनी कोपऱ्याकडे बोट केलं. मशीनवर माईचं जुनं सुती लुगडं घातलेलं होतं. "अजून दाखवलं नाही. मी म्हटलं, आधी तू एकदा तपास."

मी मीटर खाली ठेवला आणि लुगडं ओढून काढलं. "मुक्ता," मी हाक मारली, "हय ये गो जरा."

मुक्ता आत आली आणि दारातच थांबली. मशीनकडे बघितलं, स्टॅबिलायझरकडे, काट्याकडे, स्टॉपवॉचकडे. "हे कोणी आणलं?"

"मी," सर म्हणाले.

"तुम्ही? बाबा, यात नऊ बार असतात."

"मला माहीत आहे."

"आणि तुम्ही ते चालवता?"

सरांनी उत्तराऐवजी बटण दाबलं. हाताने. बिया दळल्या, तोलल्या, दाबल्या, गाळणी फिरवून बसवली. क्रम कुठे चुकला नाही. मुक्ता हाताची घडी घालून शेजारी उभी होती. मग धार सुटली, फिकट, भसाभसा, आणि बघता बघता कप भरला. सर त्या कपाकडे बघत बोलायला लागले. "मी चुकीचं मशीन निवडलं. दुसरं होतं, दोन बॉयलरचं. ते घेतलं असतं तर कदाचित... मी सगळं वाचलं होतं, मुक्ता. मी खूप विचार केला. पण समजा..."

"थांबा, बाबा."

तिने गाळणी सोडवून बघितली. दळणाच्या यंत्राचा आकडा बघितला. डब्यातून दोन बिया घेऊन तळहातावर चुरल्या आणि हुंगल्या. "मशीन उत्तम आहे. मी हेच घेतलं असतं. ह्या बिया कधीच्या आहेत?"

"मे महिन्यातल्या. पण डबे मेणाने बंद केलेले आहेत. आगोटीच्या आहेत."

"कसल्या?"

"आगोटीच्या. पावसाळाभर पुरतील अशा."

मुक्ता त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा सुटला. "बाबा! कॉफी काय सुको बांगडो आसा, आगोटीक भरून ठेवक? भाजल्यावर महिनाभरात वापरूची ती!"

"तांदूळ जुनो जितको, तितको बरो," सर म्हणाले. अगदी अपराधी चेहऱ्याने.

मुक्ता हसायला लागली, स्वयंपाकाच्या ओट्याला धरून. मीही हसले. सर हसावं की नाही ते ठरवत होते.

"ताज्या बिया आणल्या की सगळं जागेवर येईल," ती डोळे पुसत म्हणाली. "पण आता कुठून? एक तर कोल्हापूरला मिळतील, नाहीतर गोव्या..."

तिथे तिचं वाक्य थांबलं. तोंडातून निघून गेल्यावर तिलाच कळलं. माईचं लुगडं अजून माझ्या हातात होतं. सरांचे ओठ हलले, तो "स" मी ओळखते, शाळेपासून ऐकलेला.

"गोवा," सर म्हणाले.

मुक्ताने वर बघितलं.

"गोवा. चल. बांद्याच्या पुढे गेला की झाला. आत्ताच्या आत्ता निघूया, दुपारच्या जेवणाक म्हापशात. माटवी इल्यावर बांधूया."

ती गाडीची किल्ली घ्यायला बाहेर गेली, पण जाताना त्यांच्या शर्टाच्या बाहीला लागलेली कॉफीची पूड तिने हाताने झटकली.

पुढे मुक्ता घटस्थापनेपर्यंत राहिली. नंतर सर तिच्याबरोबर बेंगळुरूला गेले, मशीनही गेलं, आणि थंडीत तिथेच एका सकाळी ते गेले. मधल्या दिवसांत ते मला कितीतरी वेळा भेटले. पण डोळ्यांपुढे येतात ते त्या सकाळचे, मुक्ताच्या शेजारी पुढच्या सीटवर, मांडीवर रिकामी कापडी पिशवी घट्ट धरून. काच खाली करून त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात टाकली. "बंद कर गो, शैला, सगळा."

गाडी फाटकातून बाहेर पडली. मी थांबले, ती मागे येईल म्हणून. वळणावर दिवा लागला, गाडी हायवेच्या बाजूला वळली आणि दिसेनाशी झाली.

मी आत गेले. मशीनवर लुगडं घातलं, गॅसचं बटण बघितलं. बंद होतं. कुलूप लावलं, ओढलं, फाटकापर्यंत आले. मग मीटरची पिशवी खाली ठेवली आणि परत जाऊन आणखी एकदा ओढून बघितलं.